मल्हारनगरच्या छत्रीला चुनाच हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मध्य प्रदेशातल्या भिंड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, लहारच्या बाजूला, आलमपूर हे छोटं गाव आहे. उत्तरेच्या स्वारीवर असलेले सुभेदार मल्हारराव होळकर २० मे १७६६ रोजी इथे वारले. अहिल्याबाईंनी इथे त्यांची छत्री बांधली, मल्हारी मार्तंडाचं देऊळ बांधलं, आणखीही देवळं बांधली, आणि गावाला मल्हारनगर हे नाव मिळालं. ती छत्री आणि आमच्या भागातल्या तिच्यासारख्या लहानमोठ्या समाध्या दुरुस्त कशा कराव्यात आणि कशा करू नयेत, एवढाच या पत्राचा विषय आहे. आमचं काम दगडाचं आणि चुन्याचं. छत्र्यांच्या दुरुस्तीत काय चुकतं ते आम्ही रोज हाताने उकरून काढतो, म्हणून लिहितो आहोत.

नीरेकाठच्या होळ गावचा, १६ मार्च १६९३ ला जन्मलेला, मामाकडे तळोद्याला वाढलेला हा माणूस. माळव्यात पाय रोवले, वसईच्या मोहिमेत होता, पानिपतातून वाचून परत आला आणि सत्तरी ओलांडल्यावरही घोड्यावरच होता. जेजुरीचा खंडोबा हे होळकरांचं कुलदैवत आणि मल्हारी हे त्याचंच नाव. देवाचं नाव माणसाला लागलं, माणसाचं गावाला. आम्हा ग्वाल्हेरकरांना यातली आणखी एक गोष्ट फार मोलाची वाटते. चहूकडे शिंद्यांचा आणि दतियाचा मुलूख, आणि मध्ये हा होळकरांचा एकटा परगणा. शिंदे आणि होळकर या दोन्ही घराण्यांत पुढे किती वितुष्ट आलं ते सगळ्यांना माहीत आहे. तरी १९४८ मध्ये दोन्ही राज्यं मध्य भारतात विलीन होईपर्यंत, म्हणजे पावणेदोनशेहून अधिक वर्षं, आलमपूर इंदूरचंच राहिलं.

हा परगणा ठेवला गेला तो छत्रीच्या खर्चासाठी. छत्री बांधून झाली, काम संपलं, असं अहिल्याबाईंनी मानलं नाही. दिवाबत्ती, पूजा, डागडुजी यांना दरवर्षी पैसा लागतो, म्हणून त्यांनी उत्पन्नाची सोय लावून दिली. आमचं म्हणणं याच सोयीशी जोडलेलं आहे. चुन्याची वास्तू दरवर्षी थोडं मागते. ते थोडं देणं बंद झालं की वीस-पंचवीस वर्षांनी एकदम मोठा निधी येतो, मोठा निधी सिमेंट घेऊन येतो, आणि जे दोनशे वर्षांत बिघडलं नव्हतं ते पुढच्या दहा वर्षांत बिघडतं.

ते का बिघडतं, हे दगडापासून सांगावं लागेल. ग्वाल्हेर-भिंड भागातलं जुनं घडीव काम बहुतेक वालुकाश्माचं आहे. हा दगड सच्छिद्र असतो. जोत्याखालची ओल त्यात वर चढते, दिव्यात वातीने तेल चढावं तशी. या ओलीबरोबर मातीतले क्षार येतात. पाणी जिथून उडून जातं तिथे क्षार मागे राहून त्यांचे खडे बनतात. खडा बनताना फुगतो आणि आजूबाजूचं ढकलतो. दोन दगडांमधली दरज चुन्याची असेल तर पाणी दगडापेक्षा दरजेतून सहज उडतं, खडे तिथे बनतात आणि झिजते ती दरज. ती झिजण्यासाठीच असते. वीस-तीस वर्षांनी तिला उकरून नवी भरायची, दगड तसाच राहतो.

आता त्याच दरजेत सिमेंट भरा. ते दगडाहून घट्ट आणि दगडाहून कमी सच्छिद्र. पाण्याला दरजेतून वाट उरत नाही, ते दगडाच्या तोंडातून उडू लागतं आणि क्षारांचे खडे दगडाच्या कातडीमागे बनतात. शिवाय सिमेंट स्वतःचे क्षारही बरोबर घेऊन येतं. मग काय दिसतं ते कुठल्याही अशा खांबापाशी गुडघे टेकून पाहावं. जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत दगडावर पांढरी भुकटी, तिच्या खाली नखाएवढे पापुद्रे, बोट लावलं की वाळू होऊन गळणारे. आणि दोन दगडांमधली सिमेंटची दरज मात्र चौकटीसारखी पुढे आलेली, धडधाकट. दरज टिकली आणि दगड गेला. आपण या भुकटीला लोणा म्हणतो, इथले मिस्त्री नोना म्हणतात. लोणा लागलेला दिसला की त्यावर सिमेंटचा गिलावा मारायची पद्धत पडली आहे. गिलाव्याने ओल थांबत नाही, ती आणखी वर चढते. पहिल्या वर्षी हातभर असलेला लोणा पुढे कमरेपर्यंत पोचतो आणि जिथे नक्षी सुरू होते तिथे जाऊन थांबतो.

म्हणून दुरुस्तीची सुरुवात खांबापासून करायचीच नाही, जमिनीपासून करायची. छत्रीभोवतीचा रस्ता किंवा आवार भराव टाकून टाकून जोत्याच्या वर आलं असेल तर पावसाचं पाणी आत वळतं. ते आधी खाली उतरवावं. जोत्याला लागून काँक्रीट किंवा चकचकीत टाइल्स घालू नयेत, कारण मोकळ्या जमिनीतून उडून जाणारी ओल मग फक्त खांबाकडेच जाते. जोत्यापासून बाहेर उतार देऊन, साधारण साठ फुटांना एक फूट, दगडी फरशी चुन्यात बसवावी आणि फरशीच्या पलीकडे फूटभर रुंदीचा गोट्यांनी भरलेला चर ठेवावा. एवढ्यानेच दोन पावसाळ्यांत खांबाची ओल बरीच कमी झालेली दिसते, एकाही दगडाला हात न लावता. सौंदर्यीकरणाच्या नावाखाली येणाऱ्या ग्रॅनाइटपेक्षा हा चर स्वस्त आहे, आणि आमच्या मते सगळ्या कामात तोच सर्वांत महत्त्वाचा.

आता चुना. दुकानात ‘पुट्टी’ मागितली तर मिळते ती पांढऱ्या सिमेंटची, भिंतीला रंगाआधी लावतात ती. तिचा आणि लोण्यासारख्या मऊ मुरलेल्या चुन्याचा काही संबंध नाही. ही गल्लत आम्ही इतक्यांदा पाहिली आहे की आधी तीच सांगावीशी वाटते. पोत्यातली चुन्याची पूड मिळते ती बहुतेक वेळा जुनी, हवा खाल्लेली असते. चिमूटभर पूड घेऊन तिच्यावर लिंबू पिळावं. जोरात फसफसली तर तो चुना मेलेला समजावा, त्याचा परत दगड झालेला असतो. ताज्या चुन्याला फेस जवळजवळ येत नाही.

हवा तो कळीचा चुना, खड्यांचा, भट्टीतून आलेला. इथे तो ‘कली’ म्हणूनच मिळतो. टाक्यात आधी पाणी घ्यावं, चुन्याच्या मापाच्या अडीच-तीनपट, आणि मग त्यात थोडे थोडे खडे सोडावेत. उलट करू नये. कोरड्या चुन्यावर पाणी ओतलं तर तो उसळतो, अंगावर उडतो आणि विरतोही अर्धवट. पाणी उकळू लागतं, म्हणून डोळ्यांना चष्मा, हातांना रबरी मोजे, आणि लहान मुलं आसपास नकोत. डोळ्यात गेलाच तर वीस मिनिटं स्वच्छ पाण्याने धूत राहावं आणि तडक डॉक्टर गाठावा. उकळी बसेपर्यंत फावड्याने ढवळत राहायचं, मग पातळ करून बारीक जाळीतून गाळायचं. जाळीवर जे खडे उरतात ते कच्चे किंवा जळके, ते फेकून द्यावेत. दरजेत एक जरी राहिला तर महिनाभराने फुटून दरजेला खड्डा पाडतो. गाळलेला चुना चार बोटं पाण्याखाली मुरू द्यावा, दरजेसाठी निदान २१ दिवस, घुमटाच्या बारीक गिलाव्यासाठी तीन महिने. पाण्याखाली असेपर्यंत तो बिघडत नाही, उलट लोण्यासारखा मऊ होत जातो. मिस्त्रीच्या करणीने काप घेतला तर दह्याच्या कवडीसारखा उभा राहतो, तेव्हा तो तयार.

सुरखीच्या बाबतीत हल्ली मोठी फसगत होते. सुरखी म्हणजे कमी भाजलेल्या विटेची पूड. कारखान्याची खणखणीत विटकर दळली तर रंग लाल येतो, पण ती निर्जीव असते, चुन्याशी बांधली जात नाही. ओळखायची रीत साधी आहे. चुना आणि सुरखी समभाग घेऊन लाडू वळावा, ओल्या गोणपाटात सात दिवस ठेवावा आणि मग पाण्याच्या बादलीत सोडावा. दुसऱ्या दिवशी लाडू शाबूत असेल तर सुरखी कामाची, विरघळून गाळ झाला तर ती गाडी परत पाठवावी.

वाळू नदीची, खरखरीत, धुतलेली. आमच्याकडच्या सिंध नदीची वाळू चांगली आहे, पण गाळ पाहूनच घ्यावी. काचेच्या बाटलीत निम्मी वाळू, वर पाणी, चिमूटभर मीठ, जोरात हलवून तीन तास ठेवावी. वाळूवर बसलेला गाळाचा थर वाळूच्या उंचीच्या बाराव्या हिश्शाहून जाड असेल तर पुन्हा धुवावी. दाणा दरजेच्या रुंदीच्या तिसऱ्या हिश्शाहून मोठा नको. दहा मिलीमीटरच्या दरजेला तीन मिलीमीटरची चाळणी पुरते.

प्रमाण एक भाग मुरलेला चुना, एक भाग सुरखी, दोन भाग वाळू. हे चुन्याच्या घाण्यात किंवा मिश्रणाच्या चक्कीत दोन-तीन तास घोटावं. फावड्याने वरखाली केलेला माल चालत नाही, चुना प्रत्येक दाण्याला लागलाच पाहिजे. घोटताना वरून पाणी घालायचा मोह होतो, तो आवरावा. घोटता घोटता माल आपोआप सैल पडतो, आणि जास्तीचं पाणी पुढे दरजेला भेगा पाडतं. गूळ, बेलाचा गर, उडदाचं पाणी, मेथी, हे सगळं जुन्या कामात घालत आणि त्याचा उपयोगही होतो. गुळाने माल मऊ चालतो, बेलाने चिकटपणा येतो. पण शंभर किलो चुन्याला दोन किलोच्या आसपास गूळ पुष्कळ. काही ठिकाणी आता ‘परंपरागत’ म्हणून घमेल्याने गूळ ओतला जातो. मग माल आवळत नाही, म्हणजे घट्ट होत नाही, आणि मुंग्या दरजा पोखरतात. चुना चांगला मुरलेला असेल तर गुळावाचून काही अडत नाही.

जुनी दरज उकरताना ग्राइंडर वापरू नये. ग्राइंडरची चकती एकदा निसटली की दगडाच्या कडेला कायमची चीर पडते. अरुंद छिन्नी आणि लाकडी हातोडी, बस. खोली दरजेच्या रुंदीच्या दुप्पट, पण इंचापेक्षा कमी नाही. सिमेंटची दरज असेल तर तिच्या मधोमध बारीक भोकं पाडत जावं आणि मग छिन्नीने मधला भाग आत पाडावा, म्हणजे जोर दगडाच्या कडेवर येत नाही. जिथे सिमेंट दगडाला इतकं चिकटलं आहे की निघताना दगड घेऊन येईल, तिथे ते राहू द्यावं. ही गोष्ट ठेकेदाराला पटवणं अवघड जातं, कारण मोजमाप वहीत शंभर टक्के लिहायचं असतं. पण खांबाची कड गेली तर ती कुठून आणणार?

उकरल्यावर कुंच्याने धूळ काढावी, आदल्या संध्याकाळी आणि सकाळी पाणी मारावं. दगड ओला हवा, पण त्यावर पाणी साचलेलं नको. माल एका वेळी अर्ध्या इंचाहून कमी जाडीत दाबून भरायचा, आवळला की वरचा थर. शेवटचा थर दगडाच्या तोंडापासून जरासा आत ठेवावा, दगडाच्या कडांवर पसरवू नये. माल अर्धवट आवळला, बोटाचा ठसा उमटतो पण बोटाला चिकटत नाही, की ताठ केसांच्या कुंच्याने ठोकावा. वरची साय फुटते, दाणा उघडा पडतो, दरज श्वास घेऊ लागते. मग ओलं गोणपाट, निदान दहा-बारा दिवस, दिवसातून तीन-चारदा शिंपून. गोणपाट वाळलं तर चुना आवळण्याआधीच कोरडा पडतो आणि पिठासारखा गळतो. चुन्याचं काम फसलं म्हणून जी ओरड होते तिच्यातली निम्मी या गोणपाटाची असते.

चुना हवेतून दगड होतो, आणि फार सावकाश, महिन्याला जेमतेम मिलीमीटरभर. आत किती झालं हे पाहायला घरातली हळद पुरते. दरजेचा एक तुकडा मोडून त्यावर हळदीचं पाणी टाकावं. कच्चा भाग लालभडक होतो, पिकलेला पिवळाच राहतो. कुंकू करताना हळदीला चुना लागला की जे होतं, तेच.

यावरून तारखेचा मुद्दा निघतो, आणि आमच्या लेखी तो फार गंभीर आहे. मल्हाररावांची पुण्यतिथी २० मेला येते. तिच्याआधी छत्री नीटनेटकी करायची असं ठरलं की काम येतं एप्रिल-मेमध्ये. भिंडमध्ये त्या दिवसांत दगडाला हात लावला तर भाजतो. लावलेला चुना तासाभरात वाळतो, गोणपाट कितीही भिजवा, पुरत नाही. मग मिस्त्री नाइलाजाने मालात मूठभर सिमेंट टाकतो, ‘आवळायला’ म्हणून, आणि वर केलेला सगळा खटाटोप पाण्यात जातो. कडक थंडीही वाईट, पारा पाच अंशांखाली गेला की चुना काम करेनासा होतो. या भागात चुन्याचे दिवस दोनच, पाऊस थांबल्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत आणि फेब्रुवारीपासून मार्चच्या मध्यापर्यंत. म्हणून काम संपवायची तारीख २० मे ठेवू नये, १६ मार्च ठेवावी. तो सुभेदारांचा जन्मदिवस आहे आणि हंगामही बरोबर तिथेच संपतो.

घुमटावरच्या पिंपळाबद्दल. पक्ष्यांच्या विष्ठेतून बी येतं, घुमट आणि छज्ज्याच्या सांध्यात माती साचलेली असते, तिथे ते रुजतं. वितभर रोप दिसलं की कुणीतरी चढून उपटतं आणि सगळ्यांना बरं वाटतं. पण उपटताना वरचा भाग तुटतो, मूळ आत राहतं आणि पुढच्या पावसाळ्यात एकाचे चार फुटवे येतात. मोठं झालेलं झाड ओढलं तर दगडच बाहेर येतो. बरोबर रीत अशी: खोड दगडाजवळ करवतीने कापायचं आणि काही मिनिटांच्या आत, चीक सुकायच्या आधी, ताज्या कापावर ग्लायफोसेट कुंच्याने लावायचं. हे औषध परवाना असलेल्या माणसाकडूनच लावून घ्यावं, फवारू नये, पाऊस येणार असेल त्या दिवशी लावू नये. जाड खोडाला बोटभर खोल भोकं पाडून त्यात भरावं. पावसाळा संपता संपता, झाड जोमात असताना ते मुळापर्यंत जातं. उन्हाळ्यात लावलेलं वाया जातं. मग दोन-तीन महिने वाट पाहायची. मूळ वाळून आकसलं की जेवढं सहज निघेल तेवढं काढावं आणि पोकळी भरावी. रॉकेल, तेजाब, उकळतं डांबर यांपैकी काहीही वापरू नये. डागही जात नाहीत आणि मूळही मरत नाही.

पोकळी भरायला चुना आणि बारीक चाळलेली सुरखी समभाग, सायीइतकं पातळ. आधी पाणी सोडून आतली धूळ धुवावी आणि पाणी कुठून बाहेर येतं ते पाहून त्या फटी चिंध्यांनी किंवा मातीने बंद कराव्यात. मग खालच्या भोकापासून वर जात भरावं, पुरुषभर उंचीवर टांगलेल्या बादलीतून नळीने, वजनाने उतरेल तेवढंच. पंप लावू नये. जुन्या भिंतीच्या पोटात भराव सैल असतो, दाब आला की ती फुगते.

भेग दिसली की लगेच भरण्याची घाईही नको. भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना चुन्याने किंवा प्लास्टरने चिकटवावी, तिच्यावर तारीख लिहावी आणि एक पूर्ण पावसाळा जाऊ द्यावा. काच शाबूत राहिली तर भेग जुनी, थांबलेली, निव्वळ भरायची. तडकली तर पाया किंवा पाणी यांत काहीतरी चालू आहे, आणि ते शोधल्याशिवाय भरलेली भेग शेजारी नवी भेग काढते. लोखंडी पट्ट्या आणि खुंट्या गंजल्या असतील तर त्या काढाव्यात. गंज लोखंडाहून कित्येक पट जागा घेतो आणि दगडाचा कोपरा आतून उडवतो. त्यांच्या जागी तांबं किंवा स्टेनलेस स्टील. आणि नवं रेलिंग, दिव्यांचे खांब, नामफलक यांसाठी छत्रीच्या दगडात एकही भोक पाडू देऊ नये. फलक आवाराच्या दाराशी, स्वतःच्या पायावर उभा करता येतो. त्याच्यावर आलमपूर आणि मल्हारनगर ही दोन्ही नावं असावीत, हिंदीबरोबर मराठीतही.

साफसफाईचं थोडक्यात. तेजाब नाही, वाळूचा मारा नाही, तारेचा ब्रश नाही. पक्ष्यांची विष्ठा बांबूच्या कामटीने, तोंडाला मास्क बांधून, मग स्वच्छ पाणी आणि नायलॉनचा मऊ ब्रश. बोअरचं पाणी खारट असेल तर ते वापरूच नये, आपणच लोणा आणून घालतो. लोणा काढायला मुलतानी माती किंवा कागदाचा लगदा ऊर्ध्वपातित पाण्यात कालवून अर्धा इंच जाड थापावा, पूर्ण वाळू द्यावा आणि गळून पडला की झाडून लांब फेकावा. क्षार त्याच्यात आलेले असतात. हे दोन-तीनदा करावं लागतं. ऑइल पेंट, चकाकी देणारं वॉर्निश, पाणी अडवणारं सिलिकॉन, यांतलं काहीही दगडावर नको. घुमटाला मुळात चुन्याचा गिलावा असेल तर त्याला चुन्याचेच पातळ हात द्यावेत, दुधाइतके पातळ, पाच-सहा. एक जाड हात दिला तर तो सालासारखा निघतो.

पूजेविषयी बोलताना आम्ही जपून बोलतो, कारण छत्री जिवंत आहे ती तिथे येणाऱ्या माणसांमुळे. सतीशिळा, वृंदावनं, पादुका यांना लोक तेल लावतात, दुधाचा अभिषेक करतात, नारळ फोडतात, भंडारा उधळतात. दगडात मुरलेलं तेल निघत नाही, धूळ धरतं आणि काळं पडतं. शिळेवरचा हात, चंद्र-सूर्य, कंकण बुजत जातात. अभिषेक तांब्याच्या ताम्हणात करावा आणि पाणी नळीने बाहेर काढावं. नारळाला वेगळा दगड ठेवावा. दिवा काचेच्या झाकणात असावा. खरी हळद उन्हाने उडून जाते, पण बाजारच्या भंडाऱ्यातला रंग उडत नाही, म्हणून घरची हळद आणावी आणि चौथऱ्याच्या पायऱ्यांखालीच उधळावी. नवी दरज भरलेली असेल तर त्या वर्षी मुळीच नको, कच्च्या चुन्यावर पिवळ्याचे लाल डाग पडतात. गावच्या पुजाऱ्यांना आणि बायामाणसांना हे कारणासकट सांगितलं तर पाट्या लावाव्या लागत नाहीत, हा आमचा सगळीकडचा अनुभव आहे.

शेवटी अंदाजपत्रकाकडे वळावं लागतं, कारण बिघाड तिथून सुरू होतो. अंदाजपत्रक बनवताना नेहमीच्या इमारतींचे दर उचलले जातात, त्यात ‘सिमेंट मसाला १:४’ ही ओळ आपोआप येऊन बसते, आणि एकदा कागदावर आली की मिस्त्रीने चुना लावायचा म्हटलं तरी त्याला पैसे मिळत नाहीत. म्हणून जी यंत्रणा हे काम काढेल तिने कामाच्या कागदातच लिहावं: चुना किती दिवस मुरलेला, सुरखीची लाडवाची चाचणी, मापं, गोणपाटाचे दिवस, ग्राइंडरची मनाई. सगळं काम सुरू होण्याआधी मागच्या बाजूला एक मीटर चौरसाचा नमुना करून घ्यावा, महिनाभराने त्यावर हळद टाकून पाहावी, आणि तो पास झाला तरच पुढे जावं. काम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक बाजूचे, शेजारी मोजपट्टी ठेवून, फोटो काढावेत आणि हलवायच्या प्रत्येक दगडावर खडूने क्रमांक घालावा. खर्चाचं भय वाटत असेल तर एक हिशेब देतो. सेंटिमीटरभर रुंद आणि अडीच सेंटिमीटर खोल दरजेला मीटरमागे पाव लिटर माल लागतो. शंभर मीटर दरजेला पंचवीस लिटर. वाया जाणारा धरून तीस. त्यात मुरलेला चुना फार तर दहा लिटर. म्हणजे खर्च मालाचा नाहीच. तो दोन जाणत्या मिस्त्र्यांच्या वीस-पंचवीस दिवसांचा आहे, दरवर्षी.

तेवढी तरतूद नगर परिषदेने, शासनाने किंवा होळकरांचं नाव घेणाऱ्या संस्थांनी मिळून कायमची करावी, आणि तिच्याबरोबर एक वस्तू द्यावी: छत्रीच्या आवाराबाहेर, सावलीत, मीटरभर लांब, मीटरभर रुंद, तेवढंच खोल असं चुन्याचं टाकं, झाकणासकट. त्यात हजार लिटरच्या आसपास मुरता चुना राहतो, आणि वर पाणी आहे तोवर तो कितीही वर्षं टिकतो. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा झाकण उघडून पाणी वर चार बोटं आहे ना, एवढं पाहणारा गावातलाच एक माणूस नेमावा.

आपले,
दगड-चुन्याच्या कामातले काही ग्वाल्हेरकर
लष्कर, ग्वाल्हेर